मोहोरावर आलेल्या तुझ्या माश्या

कुंदा,

तुझ्या दहाव्याला व्हाळाच्या पाण्याकाठी पिंड ठेवला आणि आम्ही सगळे फणसाच्या सावलीत उभे राहून कावळ्याची वाट बघत होतो. कावळे समोरच्या माडावर बसले होते, पण खाली उतरायला तयार नव्हते. कुणीतरी कुजबुजलं, काहीतरी मनात राहिलं असणार तिच्या. तेवढ्यात एक निळीहिरवी, चकाकणारी माशी कुठूनशी आली आणि भातावर बसली. भटजींनी तिला उडवायला पंचा उचलला, तर तुझा भाऊ पुढे झाला.

"ऱ्हवांदे, भटजीनू," भाई म्हणाला. "बसांदे तिका. कुंदाक चलतला."

मी हसले. अशा वेळी हसू नये हे मला कळतं, पण हसले. याच भाईने तुझ्या माश्यांच्या नावाने अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असा आरडाओरडा केला होता, आणि तोच आता हात जोडून एका माशीला जेवू घालत होता. नंतर कावळा शिवला की नाही, मला खरंच आठवत नाही. शिवला असावा, कारण सगळे घरी जेवायला आले.

पेपरात तुझा फोटो आला. खाली तुझं शिक्षण, कृषी महाविद्यालयातली नोकरी, निवृत्ती, मागे कोण कोण आहे, सगळं बरोबर छापलंय. मीच लिहून दिलं होतं, शुद्धलेखनही मीच तपासलं. पण छापून आल्यावर वाचलं आणि वाटलं, ही कोण बाई? ही कधी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन, आंब्याखाली खुर्ची टाकून, सबंध सकाळ एका मोहोराकडे बघत बसली असेल असं काही वाटत नाही.

तू मात्र पहिल्यापासून तशीच होतीस. कट्टा गावच्या शाळेत आपण एका बाकावर, तू खिडकीकडे. खिडकीच्या गजावर कुंभारीण माशी मातीचं घर बांधत होती आणि तू गणिताच्या तासाला तिच्याकडे टक लावून बघत होतीस. सरांनी विचारलं, बाहेर काय बघतेस? तू उभी राहून सांगितलंस, "सर, ती अळी आणून आत ठेवते आणि तोंड लिंपून टाकते. अळी मेलेली नसते." सरांनी तुला वर्गाबाहेर काढलं. मधल्या सुट्टीत मी तुझं सांत्वन करायला आले, तर तू म्हणालीस, "बाहेरसून जास्त बरा दिसता गो."

पुढे तू घाटावर किडे शिकवायला गेलीस, मी मराठी शिकवायला लागले आणि तुझ्या भावाशी, याच भाईशी, लग्न करून तुझ्याच घरात आले. वाडी तुला माझी नणंद म्हणायची. आपण दोघींनी ते नातं कधी मनावर घेतलं नाही. तू मला नलूच म्हणत राहिलीस आणि मी तुला कुंदाच.

तू निवृत्त होऊन घरी परतलीस त्या वर्षीचा मोहोर आठवतो? खालच्या बागेत तर पानं दिसत नव्हती, इतका. भाई रोज सकाळी खुशीत शीळ घालत औषधाचा पंप पाठीला लावायचा. तू सकाळी खुर्ची घेऊन बागेत जायचीस, उन्हं चढली की परत यायचीस. मी समजत होते, निवृत्तीनंतरचं एकटेपण असेल, बसू दे. मग मोहोर करपला, काळा पडला, हात लावला की भुगा होऊन गळायला लागला. फळ धरलंच नाही. भाईने आधी धुक्याला शिव्या दिल्या, मग ढगांना, मग औषध विकणाऱ्याला. सगळ्यांचं झाल्यावर तू तोंड उघडलंस.

"भाई, मी इतके दिस थंय बसलंय. आंब्याच्या मोरावर एक माशी बगूक नाय."

"बरा झाला!" भाई म्हणाला. "माश्यो कशाक व्हयेत?"

"आंबो धरूक."

भाईने माझ्याकडे बघितलं. त्याच्या नजरेत स्पष्ट प्रश्न होता, हिला दाखवायला नेऊ या का कुठे.

तेव्हा तू पडवीत बसून सांगितलंस ते मला अजून जसंच्या तसं आठवतं, कारण मी इतकी वर्षं आंबे खात होते आणि मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. आंब्याचं फूल बारीक, त्याचा पराग चिकट. वाऱ्याने तो फारसा जात नाही. मधमाशी येते, पण तिला दुसरीकडे बरं मिळालं तर आंब्याकडे ढुंकून बघत नाही. आंब्याचं काम मुख्यतः करतात त्या साध्या माश्या. उकिरड्यावरच्या, गोठ्यातल्या, मासळी बाजारातल्या. ज्यांना आपण फडक्याने हाकलतो त्या. आणि भाई फुलं उघडी असताना औषध मारत होता.

"तू लग्नाच्या मांडवात धूर करतंस," तू त्याला म्हणालीस, "आणि मगे व्हराडी खंय गेले म्हणान रडतंस."

भाईला ते लागलं. त्याने लगेच तुझं वर्म काढलं. त्याच उन्हाळ्यात तू फळमाशीसाठी बागेत सापळे टांगले होतेस, नराला भुलवणाऱ्या वासाचे, डब्यात मेलेल्या माश्यांचा खच पडायचा. "आता काय ता एकदा ठरव," भाई ओरडला. "माश्यो मारूक पण तूच सांगतंस आणि माश्यो बोलावूक पण तूच सांगतंस! वाडी माका हसतली!"

तू शांतपणे म्हणालीस, "माणसां कशी, सगळी सारकी नसतत. तशीच माश्यो."

लोकांचा पुढे असा समज झाला की तू फवारणीच्या विरुद्ध होतीस. मला हे इथे लिहून ठेवायचं आहे की तसं नव्हतं. तू फवारणी नको असं कधीच म्हटलं नाहीस. फुलं उघडी असताना नको, एवढंच म्हणत होतीस. तेवढंच ऐकायला माणसांना एवढं जड का गेलं, हे तुलाही कळायचं नाही.

मला खरं म्हणजे आंब्याचं पुढचं काही पडलं नव्हतं. मला मजा वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. मी एकदा तुझ्याबरोबर बागेत येऊन बसले. एक बारीक, पट्ट्यापट्ट्याची माशी मोहोरासमोर हवेत जागच्या जागी थांबली होती. पंख हलतायत की नाही हेही दिसत नव्हतं. मी विचारलं, हिचं नाव काय? तू एक लांबलचक लॅटिन नाव सांगितलंस.

"ह्या नाव नाय," मी म्हटलं. "ह्यो हजेरीपटावरचो नंबर. हाक कशी मारूची तिका?"

तू पुढे वाकून पुन्हा तिच्याकडे बघितलंस. मग म्हणालीस, मराठीत हिला नावच नाही बहुधा. मला ते सहनच होईना. ही बाई आमच्या आंब्याचं काम करते, आणि तिला आमच्या भाषेत नाव नाही? त्या दिवसापासून आपला तो उद्योग सुरू झाला. तू ओळख सांगायचीस, मी नाव द्यायचं. हवेत थांबणारी ती थांबमाशी. एक होती मधमाशीचं सोंग घेतलेली, तसेच पट्टे, तसाच रंग, पण नांगी नाही. तिला मी दशावतारी म्हटलं. तुला ते इतकं आवडलं की तू कुणालाही सांगताना आधी दशावतारी म्हणायचीस आणि मग आठवल्यासारखं लॅटिन. एका नावावरून आपण भांडलोही. पाठीवर राखाडी चट्टे असलेल्या माशीला मी भस्मी म्हटलं, आणि तू म्हणालीस की असे चट्टे असणाऱ्या पुष्कळ आहेत, एकीलाच भस्मी म्हटलं तर बाकीच्यांवर अन्याय. ते भांडण मिटलेलं नाही. मी अजूनही तिला भस्मीच म्हणते.

बागेचं भांडण मात्र घरातलं होतं. पुढच्या मोसमाच्या आधी भाई म्हणाला, माझ्या बागेवर प्रयोग नकोत. तू म्हणालीस, बाग तिघांची आहे. मग दोघेही माझ्याकडे बघायला लागलात. मी म्हटलं, व्हाळाकडची खालची बाग कुंदाची, वरची भाईची, आणि मला कुणी मधे ओढायचं नाही. तुझा भाऊ माझ्याशी बरेच दिवस कामापुरतंच बोलत होता.

आणि पहिल्या वर्षी तू हरलीस. खालच्या बागेत तुडतुडे इतके वाढले की झाडाखालून जाताना पावसासारखे अंगावर उडायचे. त्यांच्या चिकट्यावर काळी बुरशी धरली, पानं काजळ लावल्यासारखी झाली, मोहोर गेला. वरच्या बागेत थोडेफार आंबे लागले, खाली जवळजवळ काही नाही. भाई काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. तो फक्त वरच्या बागेतला आंबा चिरून तुझ्या ताटात वाढायचा.

एका सकाळी तो घरासमोरच्या खळ्यात दात घासत होता, तेव्हा तू त्याच्यासमोर जाऊन उभी राहिलीस.

"भाई, माझा चुकला. फुला फुलूच्या आधी एकदा फवारणी व्हयी होती. तुडतुड्यांका मी कमी समाजलंय."

भाईने चूळ भरली. तुझ्याकडे बघितलं. "मगे फुडल्या वर्सा आदी मारूया," तो म्हणाला आणि पंच्याने तोंड पुसत आत गेला. पुढच्या वर्षी प्रयोग होणार आहे हे त्याने असं मान्य केलं. तू तशीच दातवणाच्या जागी उभी होतीस, चेहऱ्यावर हसू आवरत नव्हतं तुला.

त्या दुसऱ्या वर्षी तू हनीफभाईकडे गेलीस. मालवणच्या बंदरावर हनीफभाईचा मासळीचा आणि बर्फाचा धंदा, आपल्या घरी त्याच्याकडचीच मासळी यायची. तू त्याच्याकडे बांगड्याची डोकी मागितलीस, फुकट, आणि शिळी.

"कुंदाबाय," तो म्हणाला, "लोकां माझ्याकडसून ताजी इसवण नेतत. तू डोकी नेतंस, ती पण कुजकी. घरात काय बिनसला काय?"

तू त्याला सगळं समजावून सांगितलंस. माशी वासाला येते, वास असेल तिथे थांबते, थांबली की फुलावर जाते. दुसऱ्या देशांत आंबेवाले हे मुद्दाम करतात. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "माका वाटलेला, मासे पोटाक लागतत. ते आंब्याक पण लागतत ह्या म्हायत नव्हता."

पहिल्या खेपेला तू झाकणाचा डबा घेऊन एसटीत चढलीस. झाकण घट्ट होतं असं तू शेवटपर्यंत म्हणत होतीस. चौके गावाच्या पुढे कंडक्टरने बस थांबवून तुला विचारलं, बाई, डब्यात काय आहे? तू म्हणालीस, परागीभवनाचं साहित्य. त्याने तुला खाली उतरवलं. तू डबा डोक्यावर घेऊन चालत घरी आलीस, घामाने निथळत, आणि पडवीत टेकून इतकी हसलीस की मला वाटलं तुला उन्हाचा त्रास झाला. त्यानंतर हनीफभाईचा टेम्पोच येऊ लागला.

डोकी फाटक्या जाळ्यांच्या तुकड्यांत बांधून झाडांना टांगली. कावळ्यांनी अर्धी पळवली, मुंगसाने काही. वाडीतल्या बायका नाकाला पदर लावून जायच्या आणि मला विचारायच्या, तुमच्याकडे मोर कसलो इलो गो, आंब्याचो काय बांगड्याचो? मार्गशीर्षातले गुरुवार होते. मीही तुझ्याशी भांडले. माश्या रोग आणतात हे तूच कधीतरी शिकवलं असशील, मग त्या घराजवळ कशाला? त्यावर तू जागा बदललीस, घराच्या बाजूची झाडं सोडून दिलीस, आणि डोक्यांत अळ्या पडल्या की ती काढून माझ्या कोंबड्यांपुढे टाकायला लागलीस. कोंबड्यांनी तुझा माझ्यापेक्षा लवकर स्वीकार केला. तुझी चाहूल लागली की त्या धावत यायच्या.

त्या कोंबड्यांकडे बघत तू एकदा म्हणालीस की समुद्रातली बारीक मासळी उपसून तिचं पीठ करतात आणि ते कोंबड्यांना, कोळंबीला घालतात. ती मासळी समुद्रात राहिली तर मोठ्या माशांना खायला मिळेल. आणि इकडे बंदरावर डोकी कुजतायत, शहरात खरकटं कुजतंय. मधलं काम अळी करू शकते. घाण खाऊन ती स्वतःच खाद्य होते. काळी, लांबुडकी एक माशी आहे, तिची अळी तर एवढंच करायला जन्माला आल्यासारखी खाते. जगात लोक तिचे कारखाने काढतायत.

"जगाचे प्रश्न सोडव हां," मी म्हटलं. "आदी परसातली घाण काढ."

"परस जगात नाय काय?" तू विचारलंस. तुझा आवाज चिडलेला नव्हता. तुला खरोखर माहिती हवी होती, की मी जग कुठून सुरू झालं असं समजते.

मग माश्या आल्या. निळ्या, हिरव्या, राखाडी, तुझ्या दशावतारीसुद्धा. सकाळच्या उन्हात खालची बाग नुसती गुणगुणत होती. भाई नाकाला पंचा बांधून कुंपणापाशी उभा राहून बघून गेला. आणि त्या वर्षी खालच्या बागेत आंबा धरला, कुंदा. फांद्यांना बांबूचे टेकू द्यावे लागले. मी आनंदाने वेडी झाले होते. पण त्या वर्षी थंडीही चांगली पडली होती, आणि भाईच्या वरच्या बागेतही बरा आंबा होता.

"तुज्या माश्यांनी वर पण काम केल्यानी काय?" भाईने विचारलं.

"केलां पण आसात," तू म्हणालीस. "माश्येक कुंपण खंय दिसता?"

कट्ट्याला बागायतदारांची बैठक भरली, तुला बोलावलं. मी मुद्दाम चांगली साडी नेसून पहिल्या रांगेत बसले होते. तू सगळं सांगितलंस, तुडतुड्यांचं हरणंही सांगितलंस. शेवटी एकाने उठून विचारलं, "मॅडम, एकच सांगा. माश्यांमुळे आंबा वाढला की नाही?"

तू म्हणालीस, "माहीत नाही. मला तसं वाटतं. पण थंडीमुळे वाढला की माश्यांमुळे, हे अजून सांगता येणार नाही."

लोकांचा उत्साह क्षणात उतरला. खुर्च्या सरकल्या, चहा आला, विषय विमा आणि हमालीवर गेला. घरी येताना रिक्षात मी तुझ्यावर इतकी चिडले की रिक्षावाला आरशातून बघायला लागला. हो म्हणायला काय झालं होतं? लोक ऐकायला बसले होते. निदान काही जणांनी फुलावर औषध मारणं थांबवलं असतं.

"आणि उद्या त्येंच्याकडे आंबो लागलो नाय तर?" तू म्हणालीस. "मगे माशी खोटी, मी खोटा, आणि माज्या मागसून कोण खरा सांगूक इलो तर तो पण खोटो."

मला ते पटलं नव्हतं. पटलं नाहीच. माणसाला कधीकधी एक ठाम शब्द लागतो, त्याशिवाय त्याचा पाय उचलत नाही. तू म्हणायचीस, ठाम शब्द हवा असेल तर आधी ठाम बघावं लागतं. हा वाद आपण पुढे ढकलत राहिलो. पडवीत चहा पिताना कुणीतरी एक तो पुन्हा काढणार, असं आपलं ठरल्यासारखं होतं. आता मी एकटीच तो काढते आणि तुझी बाजूसुद्धा मलाच मांडावी लागते. तुझी बाजू मांडताना मी थोडी जास्तच चांगली बोलते, असं लक्षात आलंय.

या वर्षी तू माझ्याकडे जुनी मच्छरदाणी मागितलीस. कळ्या फुटायच्या आधी खालच्या बागेतल्या काही मोहोरांना पिशव्या घालायच्या, म्हणजे माशी आत जाणार नाही, वारा मात्र जाईल. शेजारचेच मोहोर उघडे ठेवायचे. तेच झाड, तीच थंडी, तेच धुकं. मग दोन्हींत काय धरतं ते बघायचं. इतकं साधं होतं ते. मी पिशव्या शिवल्या, तू शिडीवर चढून बांधल्यास. भाई खाली शिडी धरून बडबडत होता, ह्या वयात पडशील आणि माझ्या डोक्याला ताप करशील. तू वरून ओरडलीस, "पडलंय तर खुर्ची थंयच हाड, बसान बगतंय!"

तुझं हृदय दमत चाललंय हे तुला डॉक्टरांनी सांगितलं होतं. मलाही तू सांगितलं होतंस, गोळ्यांच्या वेळा सांगाव्यात तशा सुरात. मोहोर उघडायला लागला त्या आठवड्यात तू सकाळचा चहा घेतलास, खळ्यात खुर्चीवर बसलीस, आणि मी भाकऱ्या टाकून बाहेर आले तेव्हा तू गेली होतीस. चेहरा बागेकडे होता. मला वाटलं तू काहीतरी बघतेयस, म्हणून मी हाक मारायची थांबले. तुझी तंद्री मोडायला नको म्हणून मी थोडा वेळ तशीच उभी राहिले, कुंदा.

हनीफभाईला कुणी कळवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्याचा टेम्पो नेहमीसारखा दारात आला. तो स्वतःच बादली घेऊन उतरला आणि हाक मारत आला, "कुंदाबाय, आज तारल्यांची डोकी पण आसत!" मी बाहेर गेले. मला तोंडातून शब्द काढायचीही गरज पडली नाही. त्याने बादली खाली ठेवली, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि पायरीवर बसून राहिला. मग म्हणाला, "मगे ह्यां आता खंय टांगूचा?"

घरात सुतक, पाहुणे भरलेले. भाई आतून बाहेर आला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. त्याने बादली उचलली. ज्या वासाने तो कुंपणाच्या अलीकडे पाय ठेवत नव्हता, त्या वासाची बादली त्याने उघड्या हाताने उचलली आणि म्हणाला, "चल, दाखवतंय." दोघे खाली गेले. मी पडवीतून बघत होते. दोघांनाही गाठी नीट मारता येत नव्हत्या. एकाने जाळं धरलं, दुसऱ्याने बांधलं, एकदा सगळं खाली पडलं. तू असतीस तर दोघांनाही झापलं असतंस.

गेल्या आठवड्यात मी आणि भाई पिशव्या उघडायला गेलो. तू केव्हा उघडायच्या ते मला सांगून ठेवलं होतंस, उघड्या मोहोरावर वाटाण्याएवढी कैरी दिसू लागली की. उघड्या मोहोरांवर तशी बारीक कणी धरली होती. सगळ्यांवर नाही, पण बहुतेकांवर दोन-चार, कुठे जास्त. पिशव्यांतले मोहोर रिकामे. एक उघडली, रिकामी. दुसरी, रिकामी. वाळलेली फुलं तेवढी जाळीच्या तळाशी. भाई प्रत्येक पिशवी उलटी करून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी बदलत गेलं. एका झाडाखाली तो मला म्हणाला, "खरा होता गो तिचा." आणि मग दुसरीकडे बघत, "माका त्येच येळाक कळूक व्हया होता." मी म्हटलं, तिलाच कळलेलं नव्हतं, तुला कुठून कळणार?

तू असतीस तर या क्षणी आपण तिघे पडवीत बसून काय बोललो असतो, कुणास ठाऊक. मी तुला बैठक पुन्हा बोलवायला लावली असती. तू नको म्हणाली असतीस, आणखी एक वर्ष बघू या म्हणाली असतीस. मला तुला एकदा सांगायचं होतं, तोंडावर, की तू येईपर्यंत मी या बागेत फक्त आंबे बघितले होते. साठी उलटल्यावर कुणी आपले डोळे बदलून देत नाही. तू दिलेस. हे सांगायचं राहिलं, कारण तुझ्याशी बोलताना मधेच काहीतरी उडत यायचं आणि तू बोट दाखवायचीस.

पण ऐक, शेवटची पिशवी राहिली होती. व्हाळाच्या अंगाच्या जुन्या झाडावरची. ती उघडली, आणि आत कैऱ्या होत्या. एक-दोन नव्हे, चांगल्या हिरव्यागार, उघड्या मोहोरावरही नव्हत्या इतक्या. मी पिशवीला भोक शोधलं. शिवण तपासली, माझीच शिवण होती, उसवलेली नव्हती. बांधलेला दोरा तसाच घट्ट. भाई म्हणाला, खोटी पिशवी ती, मोजू नको. मी म्हटलं, मोजायला तीच तर हवी. आम्ही तिथेच वाद घातला, तू आणि मी घालायचो तसा.

मग मला देठापाशी काहीतरी हललेलं दिसलं. मोहरीच्या दाण्याहून लहान, काळं. मच्छरदाणीच्या छिद्रातून आरामात जाईल एवढं. ते माशी होतं, की मुंगी, की फुलातच राहणाऱ्या फुलकिड्यांपैकी कुणी, मला सांगता येणार नाही. तेच पराग नेत होतं की नुसतं फिरत होतं, तेही नाही. की त्या झाडालाच काही निराळं येतं? तुला विचारायला मी मागे वळले. तू तिथे नव्हतीस. मी तिथे बसले आणि रडले, दहा दिवसांत रडले नव्हते इतकी. भाई बाजूला उभा राहिला.

वरच्या फांद्यांना आता उशिराचा मोहोर आलाय. काल मी माझ्या जुन्या मलमलीच्या साडीच्या पिशव्या शिवल्या, बारीक विणीच्या, त्या काळ्या जिवालाही शिरता येणार नाही अशा. काही मच्छरदाणीच्याही केल्या. दोन्ही शेजारी शेजारी बांधायच्या. उद्या नाही, आजच, कारण कळ्या उमलायच्या बेतात होत्या. भाई म्हणाला, मी चढतो. तू फुलं बघायचीस ते तुझं भिंग त्याने खिशात घातलं. मी शिडी धरून उभी होते. मोहोराला पिशवी घालायच्या आधी आत आधीच कुणी बसलेलं नाही ना हे तो एकेक तुरा फिरवून बघत होता. इतका वेळ की माझे हात भरून आले.

"काय दिसता?" मी खालून विचारलं.

"थांब गो," तो वरून म्हणाला. "बगतंय मां."